अंदमान : जॉली बॉय बेटावर आईला (वय ६९, गुडघेदुखी) नेऊ का?

लिंबूसोडा | २१ जानेवारी

नमस्कार मंडळी. एप्रिलच्या शेवटी पोरांच्या परीक्षा आटोपल्या की अंदमानला जायचं ठरतंय. मी, नवरा, दोन पोट्टे (१२ आणि ८) आणि माझी आई. तिनं आयुष्यात समुद्र पाहिलाय तो एकदाच, लग्नानंतर मुंबईला गेली तेव्हा चौपाटीवर, आणि तिथलं तिला आठवतं ते फक्त चप्पल हरवल्याचं. सेल्युलर जेल पाहायचंच, हे तिनं आधीच बजावलंय. प्रश्न दुसऱ्या दिवसाचा आहे.

एजंट म्हणतो हॅवलॉकचा एलिफंट बीच करा, सगळे तेच करतात. मला मात्र वंडूरजवळच्या राष्ट्रीय उद्यानातलं जॉली बॉय बेट पाहायचंय. तिथं म्हणे दुकान नाही, हॉटेल नाही, शहाळंवालासुद्धा नाही. पांढरी वाळू, झाडी आणि किनाऱ्यालगतच प्रवाळ. आईचे गुडघे गेली पाच वर्षं कुरकुरताहेत. जिना चढते, पण कठडा धरून, देवाचं नाव घेत. बोटीतून उतरणं तिला जमेल का? ज्यांनी म्हाताऱ्या माणसांना नेलंय त्यांनी सांगावं. फोटो पाहून झालेत, फोटो नकोत.

बे एके बे | २१ जानेवारी

काकूले काऊन त्रास देऊन राहिले? आपल्या नागपुरातल्या फुटाळा तलावावर न्या, कणीस खाऊ घाला, सूर्यास्त दाखवा. प्रवाळ सोडून सगळं भेटते. गुडघेबी शाबूत, पैसेबी शाबूत.

गेट नंबर दोन | २१ जानेवारी

बे एके बे, तुमचं फुटाळा झालं की सांगा, मग मुद्द्यावर येऊ.

ताई, मी दोनदा गेलोय, एकदा वडिलांना घेऊन. आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, म्हणजे बाकीचं आपोआप कळेल : हा बीच नाही, हे जंगल आहे. आपण ताडोबाला जातो तसंच. महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यान १९८३ साली जाहीर झालं, क्षेत्र साधारण २८१ चौरस किलोमीटर, त्यात पंधरा बेटं, मधल्या खाड्या, खारफुटी आणि प्रवाळ. लोकांना उतरू देतात ती बेटं दोनच, आणि तीही आळीपाळीनं. साधारण नोव्हेंबर ते मेच्या मध्यापर्यंत जॉली बॉय, उरलेल्या काळात रेड स्किन. एकाला श्वास घ्यायला वेळ मिळावा म्हणून. तुम्ही एप्रिलच्या शेवटी जाताय म्हणजे जॉली बॉय मिळेल, पण मेच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत ढकलू नका.

परवानगी वनविभागाची लागते, ओळखपत्र दाखवून, आणि रोज जाणाऱ्यांची संख्या मर्यादित असते. ताडोबा मंगळवारी बंद, तसं हे सोमवारी बंद. मुक्काम नाही, चूल नाही, दुपारनंतर सगळे परत. पोर्ट ब्लेअरहून वंडूर पाऊण ते एक तास गाडीनं, तिथून बोट साधारण तासभर.

आता गुडघे. बेटाला जेट्टी नाही. मोठी बोट लांब उभी राहते आणि तिच्यातून लहान काचतळी (तळाला काच असलेल्या) बोटीत उतरावं लागतं, तीच तुम्हाला किनाऱ्याला लावते. एका बोटीतून दुसरीत जातानाची ती पायरी हलते. माझे वडील ७२ चे होते. दोन्ही बाजूंनी बोटीवरच्या पोरांनी दंड धरले आणि उतरवलं. कठीण नाही, पण घाई करून चालत नाही. आईला आधीच सांगून ठेवा, म्हणजे ऐन वेळी "मी इथंच बसते" होणार नाही.

धंतोलीकर | २२ जानेवारी

सोमवारचं वर आलंच आहे, मी ठळक करून सांगतो कारण मी भोगलंय. आमच्या नागपूरच्या एका एजंटनं (नाव लिहीत नाही, उगाच वाद नको) छापील कार्यक्रमात सोमवारी जॉली बॉय टाकलं होतं. पैसे आगाऊ. तिथं गेल्यावर स्थानिक गाडीवाला हसला. मग बदली म्हणून आम्हाला वंडूरच्या किनाऱ्यावर नेऊन सोडलं. किनारा सुरेखच, पण पोहायला जाळीनं बंदिस्त केलेली जागा आणि मगरींपासून सावध राहा अशा पाट्या. बायको म्हणाली, समुद्रात मगर? हो. खाऱ्या पाण्यातली मगर अंदमानच्या खाड्यांत राहते आणि समुद्रातही पोहते. पाटी लावली असेल तिथं पाय घालू नका, एवढंच.

त्या एजंटनं पैसे परत दिले नाहीत. "पुढच्या ट्रिपला ॲडजस्ट करतो" म्हणाला.

बे एके बे | २२ जानेवारी

पुढची ट्रिप रामटेक.

धंतोलीची काकू | २२ जानेवारी

लिंबूसोडा, खाण्याचं सांगते. बेटावर काही मिळत नाही. वंडूरला जेट्टीवर पिशव्या उघडून तपासतात आणि प्लास्टिक म्हणून जे दिसेल ते काढून ठेवतात. बिस्लेरीची बाटली नाही, कुरकुऱ्याचं पाकीट नाही, पन्नी तर नाहीच. पाण्याची स्टीलची बाटली घरूनच न्या. तिथं अनामत ठेवून बाटल्या मिळतात, पण आपलं ते आपलं. आम्ही पुऱ्या, कोरडी बटाट्याची भाजी आणि लिंबाचं लोणचं नेलं होतं, तीन ताळी डब्यात. वंडूरला जेट्टीवरच सगळ्यांना एकदा बाथरूमला जाऊन यायला लावा, पोरांना जबरदस्तीनं.

साहेबराव | २२ जानेवारी

हे अति होतं असं माझं मत. मी चिवड्याचं सीलबंद पाकीट नेलं होतं, रिकामं पाकीट परत आणणार होतो, लिहून द्यायला तयार होतो. तरी काढून घेतलं. पैसे भरून जाणाऱ्या माणसावर इतका अविश्वास? इकडे तलावात सगळं शहर कचरा टाकतं, तिथं कोणी बघत नाही.

गेट नंबर दोन | २२ जानेवारी

साहेबराव, अविश्वास तुमच्यावर नाही, वाऱ्यावर आहे. किनाऱ्यावर पाकीट फोडलं की हातातून सुटतं, तिथं वारा कायम. पेंचला जिप्सीतून उडालेलं पाकीट निदान रस्त्यावर पडतं, गाइड उतरून उचलतो. इथं ते पाण्यावर जातं, समुद्री कासव पिशवीला जेलीफिश समजून गिळतं. चिवडा डब्यात नेला असता तर तोच चिवडा तिथंच खाल्ला असता ना?

साहेबराव | २२ जानेवारी

डब्यात चिवडा मऊ पडतो.

धंतोलीची काकू | २२ जानेवारी

झाकण घट्ट असलं तर पडत नाही. इतवारीच्या भांडेबाजारात जाऊन चांगला डबा घ्या.

निवृत्त मास्तर | २३ जानेवारी

चाळीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं, म्हणून राहवत नाही. (समुद्रापासून इतक्या लांब राहून मी पोरांना प्रवाळ फळ्यावर खडूनं शिकवला. प्रत्यक्ष पाहिला निवृत्तीनंतर.)

लोक प्रवाळाला दगड समजतात, कोणी झाड समजतं. तो प्राणी आहे. एकेक जीव टाचणीच्या डोक्यापासून बोटाच्या पेराएवढा, मऊ, तोंडाभोवती शुंडकं. स्वतःखाली चुन्याचं घर बांधत जातो, आणि अशा हजारोंची मिळून एक वसाहत. रंग त्याचा स्वतःचा फारसा नसतो. त्याच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं, ते उन्हात अन्न तयार करतं आणि त्यातलं बरंचसं घरमालकाला देतं. भाडं म्हणा. पाणी नेहमीच्या उन्हाळी कमाल तापमानापेक्षा एखाद अंशानं जास्त तापलं आणि तसंच काही आठवडे राहिलं, की हा व्यवहार मोडतो. प्रवाळ शैवालाला बाहेर काढतो आणि पांढरा पडतो. तेव्हा तो मेलेला नसतो, उपाशी असतो. पाणी लवकर निवलं तर सावरतो, नाहीतर मरतो. अंदमानात १९९८ आणि २०१० मध्ये हे मोठ्या प्रमाणावर झालं. आपण नागपूरकर ४५ अंशांत कूलर लावून झोपतो, म्हणून एका अंशाचं काय ते कळत नाही.

म्हणून लिंबूसोडा, फोटोतल्या रंगांची अपेक्षा ठेवून जाऊ नका. बराच प्रवाळ करडा, शेवाळलेला दिसेल. त्यात जिवंत तुकडे शोधावे लागतील. आणि उभं राहायचं ते फक्त वाळूवर. प्रवाळावर पाय दिला की वर्षांची वाढ एका क्षणात जाते, शिवाय पाय कापतो आणि ती जखम लवकर भरत नाही.

सनस्क्रीनचंही बघा. त्यातल्या ऑक्सिबेन्झोनसारख्या रसायनांवर पलाऊनं २०२० पासून बंदी घातली, हवाईनं २०२१ पासून त्यांची विक्री बंद केली. सगळ्यात सोपं म्हणजे पूर्ण बाह्यांचे कपडे. आपल्याकडच्या पोरी मे महिन्यात स्कूटीवर दुपट्टा गुंडाळतात, तेवढा बंदोबस्त तिथं पुरे.

बे एके बे | २३ जानेवारी

मास्तर, हे शाळेत असं शिकवलं असतं तर मी नापास झालो नसतो.

निवृत्त मास्तर | २३ जानेवारी

तुम्ही माझ्या वर्गात असाल तर शेवटच्या बाकावर असाल.

अमरावतीकर | २५ जानेवारी

एवढ्या लांब कशाला? आपल्या मालवणलाही सागरी अभयारण्य आहे. मराठी बोलतात, जेवण आपलं.

कोकणातून बर्डीत | २५ जानेवारी

मी मूळची तिकडचीच, लग्न होऊन नागपुरात आले, आता वीस वर्षं सीताबर्डीत. मालवणचं अभयारण्य १९८७ चं, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या भोवतालचं, आणि तिथंही प्रवाळ आहे. पण खरं सांगू का, अंदमानसारखं निर्मळ पाणी आमच्याकडे वर्षातले थोडेच दिवस असतं. आणि नागपूरहून मालवणला जायचं म्हणजे महाराष्ट्र आडवा ओलांडायचा. कोलकात्याहून विमान धरलं तर अंदमानला दोन-सव्वादोन तासांत पोचता. गुडघ्यांना तेच बरं.

एक गोष्ट कोणी सांगितली नाही, कारण तुम्ही सगळे जमिनीवरची माणसं. तारीख ठरवताना कॅलेंडरवर तिथी बघा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, पाणी जोरात चढतं-उतरतं, तळातला गाळ उठतो. अष्टमीच्या पुढे-मागे भांग असतो, पाणी कमी हलतं, तळ स्वच्छ दिसतो. माझे वडील होडीवर जायचे, त्यांच्याकडे घड्याळ नव्हतं, पंचांग होतं.

लिंबूसोडा | २५ जानेवारी

हे भारी आहे! आईला सांगितलं तर लगेच कालनिर्णय काढून बसली. माझ्यापेक्षा तिलाच उत्साह आता.

गेट नंबर दोन | २६ जानेवारी

अजून दोन किरकोळ गोष्टी. पोर्ट ब्लेअरचं नाव २०२४ मध्ये श्री विजयपुरम झालंय, हॅवलॉकचं २०१८ मध्ये स्वराज द्वीप. बुकिंग करताना दोन्ही नावं दिसतील, गोंधळू नका. आणि घड्याळ आपलंच पण सूर्य वेगळा. ते आपल्यापेक्षा चांगलेच पूर्वेला आहेत, म्हणून एप्रिलअखेर तिथं साडेपाचला सूर्य बुडतो, तेव्हा नागपुरात अजून उन्हं असतात. पहाटे पाचला लख्ख उजेड. सकाळची बोट म्हणजे खरंच सकाळची.

लिंबूसोडा | ९ मे

जाऊन आलो! उशिराबद्दल क्षमा. आल्यावर घरातला कूलर बंद पडला होता, त्यातच आठवडा गेला. सविस्तर लिहिते, कारण तुम्ही सगळ्यांनी सविस्तर लिहिलं होतं.

हावडा मेलनं कोलकाता, तिथून सकाळचं विमान. सेल्युलर जेलमध्ये आई काही बोलली नाही, कोठडीच्या गजांना हात लावून उभी राहिली बराच वेळ. ते वेगळ्या धाग्यात लिहीन.

वंडूरला सात वाजता पोचलो. डबे स्टीलचे, बाटल्या स्टीलच्या, साबण कागदात गुंडाळलेला. मी अगदी ताठ मानेनं पिशव्या पुढे केल्या. माझ्या पिशवीत काही निघालं नाही. आईच्या नाही, पोरांच्या नाही. मग गार्डनं नवऱ्याच्या कॅमेऱ्याच्या बॅगेचा बाजूचा कप्पा उघडला आणि त्यातून रबरानं बांधलेली पन्नी काढली. आत तंबाखू-सुपारीचा खर्रा. अर्धा संपलेला. नागपूरहून, विमानानं समुद्र ओलांडून आणलेला! संक्रांतीला सोडला म्हणून माझ्याकडून तिळगुळाचा जास्तीचा लाडू घेतला होता याच माणसानं. गार्ड बिचारा हिंदीत विचारतोय की हे काय आहे, आणि आमचे हे म्हणतात "सुपारी है, दवाई जैसा". मागे रांगेत कोणीतरी खो-खो हसलं, मराठीत हसल्यासारखं वाटलं. पन्नी तिथंच राहिली. परत येताना घ्यायला ते थांबले नाहीत, मी शेजारीच उभी होते.

बोट आधी खाडीतून जाते. दोन्ही बाजूंना खारफुटी, मुळं पाण्यावर कोळ्याच्या पायांसारखी उभी. पाणी तिथं गढूळ हिरवं. आई मला म्हणाली, हेच असेल तर आपला अंबाझरी तलावच बरा होता. मग खाडी संपली आणि पाण्याचा रंग पायरीपायरीनं बदलत गेला. ती गप्प झाली.

ती हलणारी पायरी. आदल्या रात्रीपासून आम्ही तिची मनाची तयारी केली होती. आयुष्यात पहिल्यांदा सलवार सूट घातला होता तिनं, माझा. बोटीवरच्या दोन पोरांनी कोपराला धरलं, "अम्मा, धीरे, धीरे, लहर जाने दो" म्हणाले. लाट गेली, बोटी समपातळीत आल्या आणि ती उतरली. गेट नंबर दोन, घाई करू नका म्हणालात ते अगदी बरोबर. आमच्या मागचे एक गृहस्थ लाट जायची वाट न बघता उतरले आणि सरळ मांडी घालून बसले बोटीत.

काचेतून आधी काही दिसत नव्हतं. काचेवर ओरखडे, बुडबुडे. मग चाळलेल्या रव्यासारखी वाळू. मग एकदम डोंगर. अक्रोडाच्या गरासारखा एक, सांबराच्या शिंगांसारखे फाटे फुटलेला दुसरा, त्याची टोकं निळी. मास्तर म्हणाले तसा बराच करडा होता, कुठंकुठं नुसता चुराडा पसरलेला. ते पाहून पोटात गलबललं. पण मधेच एका खडकात मोठा शिंपला रुतून बसलेला, त्याचे ओठ मखमली निळे. बोटीची सावली त्याच्यावर पडली आणि त्यानं तोंड मिटलं. आई ओरडली, "अगं, यानं पाह्यलं आपल्याला!" पुढचा अर्धा तास ती काचेवरून उठली नाही. नारिंगी-पांढरे पट्ट्यांचे मासेही दिसले, समुद्रफुलात लपाछपी खेळणारे. गाइड म्हणाला, हे सगळे नर म्हणून जन्मतात, टोळीतली मादी मेली की सगळ्यात मोठा नर मादी होतो. आई म्हणाली, "मग मंगळसूत्राचं काय?"

मोठा पोरगा मुखवटा लावून पाण्यात उतरला. बाहेर येऊन म्हणतो, खाली कुडुम कुडुम आवाज येतो, आजी चकली खाते तसा. तो पोपटमासा. चोचीसारख्या दातांनी प्रवाळावरचं शेवाळ खरवडतो, त्यासोबत चुनाही पोटात जातो आणि मागून वाळू होऊन पडतो. म्हणजे तिथली पांढरी वाळू बरीचशी माशाची विष्ठा. हे कळल्यावर धाकट्यानं वाळूत बसायला नकार दिला. नंतर किल्ला बांधायला लागल्यावर विसरला.

आता कबुली. दुपारी निघायच्या आधी पाहिलं तर आईच्या दुपट्ट्याला गाठ. आत शंख, लिंबाएवढा, तपकिरी ठिपक्यांचा. देवघरात ठेवायला. मी म्हटलं, आई, इथून काही न्यायचं नसतं, राष्ट्रीय उद्यान आहे, आणि विमानतळावर सामान तपासतात. ती म्हणाली, एवढ्या मोठ्या समुद्राला एका शंखानं काय फरक पडतो, मी काय वाघ नेऊन राहिले का? आमचा हा वाद रंगात असताना तिनं मला दाखवायला शंख तळहातावर ठेवला. आणि त्यातून एक पाय बाहेर आला. मग दुसरा. मग डोळे. शंखातला खेकडा, भाडेकरू. आईनं हात झटकला नाही, हे मला विशेष वाटलं. तशीच वाकली, गुडघ्यांसकट, आणि झाडाच्या मुळाशी त्याला सोडला. तो टुकूटुकू निघून गेला.

त्रासाचंही सांगते. वाळूतल्या बारीक माश्या चावल्या, पोरांच्या पोटऱ्यांवर आठवडाभर पुरळ. घाम इतका, की ३२ अंशांत नागपूरच्या ४३ ची आठवण आली, आपला उकाडा निदान कोरडा. आणि बेटावरचे तीन तास कमी पडतात.

साहेबराव | ९ मे

खर्रा काढून घेतला त्याबद्दल मी काही बोलणार नाही. पण चिवडा?

लिंबूसोडा | ९ मे

डब्यात नेला होता. मऊ पडला.

बे एके बे | ९ मे

भौजींची तब्येत कशी हाये आता? वंडूरले एक शाखा उघडून टाका म्हणाव, "नागपूर खर्रा सेंटर, पळसाच्या पानात मिळेल".

निवृत्त मास्तर | १० मे

निळ्या ओठांचा तो महाशिंपला. त्याच्या ओठांतही प्रवाळासारखंच शैवाल राहतं, तो निळा रंग मात्र त्याच्या स्वतःच्या पेशींचा. कायद्यानं वाघाच्या बरोबरीनं, पहिल्या अनुसूचीत संरक्षित आहे. तुमच्या आईंनी वाघाचं उदाहरण दिलं, ते वाचून हसलो.

कोकणातून बर्डीत | १० मे

किती छान लिहिलंस गं. तळ इतका स्वच्छ दिसला म्हणतेस, त्या दिवशी तिथी कोणती होती?

लिंबूसोडा | १० मे

थांबा, आईला विचारते.

नवमी.

कोकणातून बर्डीत | १० मे

मग बरोबर. भांगाचं पाणी.